हिशेब पौंडात बरोबर, कॉम्प्रेसरमध्ये चूक: कैरोतल्या एका स्टार्टअपचं प्रकरण

कंपनी आणि मी

हे प्रकरण इजिप्तमधल्या एका कंपनीचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कंपनीचे आकडे गोल केले आहेत, प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे. विनिमय दर, तारखा आणि सरकारी निर्णय जसे घडले तसेच दिले आहेत. एका छोट्या गुंतवणूक फंडाच्या वतीने मी या कंपनीच्या बोर्डाच्या बैठकींना निरीक्षक म्हणून बसत होतो. निरीक्षकाला मतदानाचा हक्क नसतो, बोलण्याचा असतो. एका महत्त्वाच्या बैठकीत मी बोललो नाही. ते मनात राहिलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

कैरोत फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे हजारो कारागीर आहेत. त्यांना तिथे ‘उस्ता’ म्हणतात, म्हणजे हातात कसब असलेला माणूस. उस्ताला सुटा भाग हवा असला की तो काम अर्धवट सोडून अताबा भागातल्या अब्देल अझीझ रस्त्यासारख्या बाजारात जायचा, चार दुकानं फिरायचा आणि दुपार घालवून परत यायचा. २०१९ मध्ये दोघांनी यावर उपाय काढला. संस्थापिका सॉफ्टवेअर इंजिनियर होती, सहसंस्थापक भागांच्या ठोक व्यापारात वाढलेला. उस्तानं जुन्या भागावरच्या पट्टीचा फोटो ॲपवर टाकायचा, योग्य भाग त्याच दिवशी जागेवर पोचायचा. कॉम्प्रेसर, कपॅसिटर, थर्मोस्टॅट, तांब्याची नळी, गॅसचे सिलिंडर. माल बहुतेक आयात केलेला, कैरोतल्याच ठोक व्यापाऱ्यांकडून घेतलेला.

कल्पना खरी होती आणि लोकांना हवी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून धंदाच पोकळ होता असं कुणाला वाटू नये.

२०२० मध्ये १२ लाख डॉलरचा सीड राउंड, म्हणजे सुरुवातीची भांडवल उभारणी, झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यापुढचा मोठा टप्पा, सिरीज ए: ९० लाख डॉलर, गुंतवणुकीनंतरचं मूल्यांकन ३.६ कोटी डॉलर. प्रमुख गुंतवणूकदार आखातातला एक फंड होता, सोबत एक युरोपीय फंड आणि आमचा छोटा हिस्सा. मूळ कंपनी अमेरिकेत डेलावेअरमध्ये नोंदलेली, तिच्याखाली इजिप्तमधली कामकाजाची कंपनी. उगवत्या बाजारांतल्या स्टार्टअपांमध्ये ही रचना सर्रास असते. परदेशी गुंतवणूकदाराला ओळखीचा कायदा हवा असतो, आणि विक्रीच्या वेळी व्यवहार तिकडे करणं सोपं जातं. पैसा डॉलरमध्ये, अमेरिकन बँकेत. पगार, भाडं, माल आणि विक्री इजिप्तच्या पौंडात, कैरोत.

त्या काळात पैसा मुबलक होता. अमेरिकेतला व्याजदर शून्याच्या जवळ होता, आणि करीम ही दुबईची टॅक्सी-ॲप कंपनी उबरने ३१० कोटी डॉलरला विकत घेतल्याचा व्यवहार जानेवारी २०२० मध्ये पूर्ण झाला होता. या प्रदेशातूनही मोठी विक्री होऊ शकते हे त्यानं दाखवलं होतं. प्रत्येक सादरीकरणात तो दाखला असायचा, आमच्याही होता.

सिरीज एच्या आर्थिक आराखड्याची एक्सेल फाइल माझ्याकडे अजून आहे. गृहीतकांच्या पानावर सोळा ओळी आहेत: मेकॅनिकमागे महिन्याला किती ऑर्डरी, परत येणारा माल किती, गोदामाचं भाडं दरवर्षी किती वाढेल. त्यात विनिमय दराची एकच ओळ, आणि २०२१ पासून २०२४ पर्यंत सगळ्या रकान्यांत एकच आकडा, एका डॉलरला १५.७ पौंड. गुंतवणूक समितीनं बाकीच्या पंधरा ओळींवर प्रश्न विचारले. या ओळीवर कुणीच विचारलं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पौंड मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला, तेव्हा तो एका दिवसात ८.८ वरून १३ च्या पलीकडे गेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तेव्हा त्याला पाच वर्षंसुद्धा झाली नव्हती.

उधारी

नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीनं उस्तांना ३० दिवसांची उधारी द्यायला सुरुवात केली. बाजारातला दुकानदार ओळखीच्या उस्ताला उधार देतोच, त्यामुळे ॲपनंही द्यायला हवी हा विचार चुकीचा नव्हता. वित्तपुरवठ्याचा स्वतंत्र धंदा करायचा तर तिथल्या वित्तीय नियामक प्राधिकरणाचा परवाना लागतो, म्हणून व्याज न लावता साधी व्यापारी उधारी ठेवली. विक्री झपाट्यानं वाढली. फेब्रुवारी २०२२ पर्यंत मुदत ४५ दिवसांवर गेली होती, आणि उधारीत अडकलेला पैसा अर्थातच सिरीज एचाच होता.

त्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि इजिप्तच्या सरकारी रोख्यांतून परदेशी पैसा निघू लागला. मध्यवर्ती बँकेनं मार्चपासून आयातीला पतपत्राची (एलसी), म्हणजे बँकेच्या लेखी हमीची, सक्ती केली. डॉलरच मिळेनात, त्यामुळे माल बंदरात अडकायला लागला. २१ मार्चला पौंड १५.७ वरून १८ च्या पलीकडे घसरला.

एप्रिलच्या बैठकीत संस्थापिकेनं डॅशबोर्ड दाखवला. उधारीची वसुली ९७ टक्के. सगळे आकडे हिरवे. आम्ही समाधानानं माना डोलावल्या.

मग सहसंस्थापक उठला आणि फळ्यावर लिहायला लागला. एक ठरावीक कॉम्प्रेसर फेब्रुवारीत ठोकात २,७०० पौंडांना घेतला, उस्ताला ३,००० ला उधार दिला. ४५ दिवसांनी ३,००० आले, पूर्ण. तोच कॉम्प्रेसर आता ठोकात ३,३५० ला मिळतो. असे १०० विकले, १०० चे पैसे वसूल झाले, त्या पैशांत परत ८९ आले. तो म्हणाला, “वसुली शंभर टक्के झाली तरी गोदामातून अकरा कॉम्प्रेसर गेले. चोरीला गेले असते तर आपण पोलिसांत गेलो असतो.”

या प्रकरणाचा गाभा त्या फळ्यावर होता. हिशेब पौंडात ठेवला तर नफा ३०० दिसत होता. नगात ठेवला तर भांडवल विरघळत होतं. आणि जितकी विक्री जास्त, तितकं ते जास्त विरघळणार होतं.

पहिला निर्णय: एप्रिल २०२२

फळ्यासमोर तीन पर्याय मांडले गेले. उधारी बंद करायची. किंवा उधारी ठेवायची, पण वसुलीच्या दिवशीच्या भावानं पैसे घ्यायचे. किंवा मुदत १४ दिवसांवर आणायची.

दुसरा पर्याय उस्तांनी मानला नसता, आणि ते योग्यच होतं. त्यानं गिऱ्हाइकाकडून जुन्या भावानंच पैसे घेतलेले असतात. पहिल्या पर्यायानं विक्री तिसऱ्या हिश्श्यानं घटेल असा अंदाज होता. प्रमुख गुंतवणूकदाराच्या प्रतिनिधीचं म्हणणं असं: पुढच्या वर्षी सिरीज बी उभारायची, त्यासाठी वाढीचा आलेख हवा, आता ब्रेक मारला तर आलेख मोडेल. शेवटी १४ दिवसांचं ठरलं. पण विक्री विभागाचं महिन्याचं लक्ष्य तेच ठेवलं, त्यामुळे ‘खास ग्राहक’ म्हणून सवलती सुरू झाल्या. तीन महिन्यांनी सरासरी मुदत मोजली तर ३४ दिवस भरली.

मी गप्प बसलो तो याच बैठकीत. मला सहसंस्थापकाचं पटलं होतं. पण आमचा हिस्सा छोटा होता, आणि सिरीज बीच्या वाटेत आडवं येणारा गुंतवणूकदार म्हणून नाव व्हायला मला नको होतं. लक्ष्य तेच ठेवून मुदत कमी होणार नाही, एवढं एक वाक्य बोललो असतो तरी चर्चा वेगळी झाली असती.

डॉलरमध्ये वाढ थांबली

२७ ऑक्टोबर २०२२ ला पौंड पुन्हा मोकळा सोडला, दर २३ च्या आसपास गेला. जानेवारी २०२३ मध्ये ३० च्या आसपास. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीची महिन्याची विक्री १.२ कोटी पौंड होती, जानेवारी २०२३ मध्ये २.२ कोटी. पौंडात ८३ टक्के वाढ. डॉलरमध्ये ७ लाख ६४ हजारांवरून ७ लाख ३३ हजार. नग मोजले तर जवळपास तेवढेच.

तिकडे अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं मार्च २०२२ पासून दर वाढवायला घेतले होते. जुलै २०२३ पर्यंत ते ०–०.२५ टक्क्यांवरून ५.२५–५.५० वर पोचले. डॉलर ठेवीवर बसल्या जागी पाच टक्के मिळत असताना, पौंडात कमावणाऱ्या कंपनीत जोखीम घ्यायला फंडांमध्ये पैसे घालणारे तयार होईनात. सिरीज बीसाठी संस्थापिकेनं चाळीसहून जास्त फंडांशी बोलणी केली. नकार सभ्य होते आणि कारण एकच: डॉलरमध्ये वाढ कुठे आहे? कंपनी इकडे काय करते याला त्या उत्तरात जागाच नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियानं नायरा मोकळा सोडला, आणि तिथल्या स्टार्टअपांच्याही आलेखाचं हेच झालं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून नीट केली होती. पैसा डॉलरमध्येच ठेवायचा आणि दर महिन्याला लागेल तेवढाच कैरोत आणायचा, हा नियम संस्थापिकेनं मोडला नाही. पौंड पडत गेला तसा पगाराचा खर्च डॉलरमध्ये कमी होत गेला आणि रनवे, म्हणजे हातातला पैसा पुरण्याचा काळ, लांबला.

ती शिस्तही एका शुक्रवारी पणाला लागली. १० मार्च २०२३ ला अमेरिकेतली जी बँक नियामकांनी बंद केली, तिच्यात आमची जवळपास सगळी ठेव होती. विम्याचं संरक्षण अडीच लाख डॉलरपर्यंत, खात्यात पस्तीस लाखांच्या वर. इजिप्तमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे रविवारी सकाळी गोदाम नेहमीसारखं उघडलं, गाड्या भरल्या गेल्या, आणि पुढचा पगार होईल की नाही हे फक्त दोघा संस्थापकांना माहीत होतं. सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याची घोषणा अमेरिकेत रविवारी संध्याकाळी झाली. कैरोत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. त्या आठवड्यात तीन बँकांत खाती उघडली. ते २०२१ मध्येच करता आलं असतं.

दोन भाव

२०२३ च्या उन्हाळ्यात अधिकृत दर ३०.९ वर खिळलेला होता आणि समांतर, म्हणजे काळ्या बाजारात डॉलर ४० च्या आसपास गेला होता. ठोक व्यापारी मालाचा भाव समांतर दरानं लावत. आमची कंपनी डॉलर आणायची ते बँकेतून, अधिकृत दरानं. म्हणजे एक लाख डॉलरचे ३० लाख ९० हजार पौंड मिळत, आणि त्यात माल येई जेमतेम ७७ हजार डॉलरचा.

साहजिकच एकानं सुचवलं की ओळखीच्या व्यापाऱ्याला दुबईत डॉलर द्यायचे आणि त्यानं कैरोत पौंड द्यायचे. कायद्यानं तो गुन्हा आहे, तुरुंगवासाचा. संस्थापिकेनं एका मिनिटात नाही म्हटलं. ती म्हणाली, “सही माझी असते. गुंतवणूकदार विमानात बसून जातील, मी इथेच राहणार आहे.” या निर्णयावर बैठकीत फार चर्चा झाली नाही. पण ज्या काळात दर महिन्याला डोळ्यांदेखत पैसे कमी होत होते त्या काळात तिनं तो टिकवला, आणि पुढे कंपनीची कागदपत्रं कुणालाही दाखवण्यासारखी राहिली ती यामुळेच.

इंजिनियर टिकेनात, हे दुसरं दुखणं. ४५,००० पौंड पगार २०२१ मध्ये २,८६६ डॉलर होता, आता १,४५०. रियाध-दुबईच्या कंपन्या घरबसल्या कामाला डॉलर देत होत्या. वर्षभरात अकरापैकी सहा जण गेले.

मोठा निर्णय: सप्टेंबर २०२३

खात्यात १९ लाख डॉलर, महिन्याची तूट १ लाख ७० हजार. साधारण अकरा महिने. समोर चार वाटा होत्या.

पहिली, डाउन राउंड, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी मूल्यांकनावर पैसे उभारणं. प्रमुख गुंतवणूकदारानं ३० लाख डॉलर देऊ केले, हे पैसे येण्यापूर्वीचं कंपनीचं मूल्यांकन ९० लाख धरून. मूल्यांकन चौथाईवर आलं हे झोंबणारं होतं, पण खरी मेख अटींमध्ये होती. नव्या पैशाला दुप्पट लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे विक्रीच्या पैशावर पहिला हक्क, तोही सहभागी. म्हणजे कंपनी विकली तर आधी ३० चे ६० लाख घ्यायचे आणि वर उरलेल्यातही हिस्सा मागायचा. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. कंपनी दीड कोटी डॉलरला विकली गेली असं धरा. ६० लाख नव्या पैशाचे गेले. उरले ९० लाख, आणि त्यावर जुन्या गुंतवणूकदारांचा, सिरीज ए आणि सीड मिळून, १ कोटी २ लाखांचा पहिला हक्क. दोन्ही संस्थापक आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला शून्य. दीड कोटी डॉलरला कंपनी विकूनही शून्य.

पहिल्या वाचनात सगळ्यांचं लक्ष अँटी-डायल्यूशनच्या कलमावर होतं, म्हणजे भाव पडला तर जुन्या गुंतवणूकदाराला जास्त शेअर देणाऱ्या अटीवर, आणि ते तितकं भीतीदायक नव्हतं. सिरीज एच्या करारात भारित सरासरीचं सूत्र होतं. सोयीसाठी जुना भाव एक डॉलर आणि एकूण शेअर ३.६ कोटी धरले, तर नवा भाव २५ सेंट, नवे शेअर १.२ कोटी. सूत्रानं रूपांतराचा भाव एक डॉलरवरून सुमारे ८१ सेंटवर येतो, आणि सिरीज एच्या ९० लाख शेअरांचे साधारण १ कोटी ११ लाख होतात. ‘फुल रॅचेट’, म्हणजे जुना भाव थेट नव्या भावावर आणणारी अट, असती तर तेच ३.६ कोटी झाले असते. २०२१ मध्ये संस्थापिकेच्या वकिलानं या एका शब्दासाठी दोन आठवडे वाद घातला होता. तेव्हा आम्हाला तो वेळकाढूपणा वाटला होता.

दुसरी वाट, प्रतिस्पर्ध्यात विलीन होणं, सगळं शेअरांच्या बदल्यात. त्यांची वही उघडली तर तिथेही उधारी, आमच्यापेक्षा जुनी. दोन बुडत्यांनी एकमेकांना धरण्यातला प्रकार. लवकर सोडून दिली.

तिसरी, सौदी अरेबिया. रियालचा दर १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे, त्यामुळे तिथली कमाई म्हणजे डॉलरचीच कमाई. प्रमुख गुंतवणूकदाराला हे फार हवं होतं. सादरीकरणात तर ते उत्तर म्हणूनच दिसत होतं.

चौथी, आवरतं घेणं: तीन शहरं बंद, माणसं कमी, उधारी पूर्ण बंद, आणि मिळेल त्या विक्रीवर पोट भरेल अशी कंपनी करणं.

काय केलं

चौथी वाट धरली, आणि तिसरीची चाचणी केली. दोन माणसं दहा आठवडे रियाधला पाठवली. त्यांना दिसलं ते असं: त्यांना भेटलेलं एसी दुरुस्तीचं बहुतेक काम देखभाल कंपन्यांकडे होतं. मेकॅनिक नोकर होता, भाग तो विकत घेत नव्हता. खरेदी विभाग घेत होता, निविदेनं, आणि पैसे ६० ते ९० दिवसांनी. आमचं ॲप ज्या माणसासाठी बनलं होतं तो माणूस तिथे गिऱ्हाईक नव्हता. दहा आठवड्यांचा खर्च ५५ हजार डॉलर झाला. पूर्ण शाखा उघडून हे वर्षभरानं कळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत नेटका घेतलेला निर्णय मला हा वाटतो.

१४० माणसांपैकी ६२ कमी करायची होती. ऑक्टोबरमध्ये संस्थापिका स्वतः कैरोजवळच्या ओबूरच्या गोदामात गेली. मी त्या दिवशी तिथे होतो. माणसं मालाच्या मांडण्यांमधल्या वाटेत उभी होती, काही जण रिकाम्या खोक्यांवर बसले होते. तिच्या हातात यादी होती आणि ती वाचायला सुरुवात करणार तेवढ्यात गाड्यांवर देखरेख करणारा एक वयस्क माणूस म्हणाला, “या बाशमुहंदिसा, नावं वाचायच्या आधी सांगा, उन्हाळ्याचा ओव्हरटाइम कधी मिळणार?” बाशमुहंदिसा ही तिथे स्त्री इंजिनियरला आदरानं मारायची हाक. ओव्हरटाइम राहून गेला होता. कपातीच्या सगळ्या तक्त्यांत तो कुठेच नव्हता. तिनं यादी खाली ठेवली, हिशेबनिसाला फोन केला, आणि तो आकडा निघेपर्यंत एकही नाव वाचलं नाही. दोन तास गेले. पैसे त्याच संध्याकाळी दिले.

उधारी बंद झाल्यावर विक्री अंदाजाप्रमाणे तिसऱ्या हिश्श्यानं पडली. ती सावरली एका अनपेक्षित गोष्टीनं. इम्बाबातला एक जुना उस्ता तक्रार करायला आला होता की नवा कॉम्प्रेसर गिऱ्हाइकाला परवडत नाही, म्हणून तो जुनाच कापून, आतली मोटर भरून घेऊन बसवतो, पण त्याची हमी कोण देणार? सहसंस्थापकानं हे धरलं. उस्तांकडून जळके कॉम्प्रेसर विकत घ्यायचे, चार चांगल्या कारखान्यांत मोटर भरून घ्यायची, तपासून सहा महिन्यांच्या हमीनं विकायचे. भागातला मोठा खर्च मजुरीचा, पौंडातला. जळक्या कॉम्प्रेसरचे पैसे उस्ताच्या खात्यात जमा होत आणि पुढच्या ऑर्डरीत वळते होत, त्यामुळे उधारीची गरजही थोडी भागली. सुरुवातीला शंभरात नऊ परत आले. सहा महिन्यांत ते पाचवर आले.

हे आकडे दाखवून डाउन राउंडची बोलणी पुन्हा केली. ३० लाखांऐवजी १२ लाख डॉलरची परिवर्तनीय नोट, म्हणजे पुढे शेअरांत बदलणारं कर्ज, ठरली, दोन हप्त्यांत: निम्मे डिसेंबर २०२३ मध्ये, निम्मे तूट ४० हजारांखाली आल्यावर. प्रेफरन्स एकपट, असहभागी. कमी पैसे मागितल्यामुळे अटी सौम्य झाल्या. अकरा महिन्यांचा पैसा हातात असताना बोलणी केली याचाही वाटा मोठा होता. तीन महिने उरल्यावर गेलो असतो तर दुप्पटच मान्य करावं लागलं असतं.

शिकलेला धडा उलटला

जानेवारी २०२४ मध्ये समांतर बाजारात डॉलर ७० च्या घरात गेला. मालाचे भाव रोज चढत होते. सहसंस्थापकानं मांडलं की पैसा पौंडात ठेवण्यापेक्षा मालात असलेला बरा, मोठा साठा घ्या. फळ्यावरची ती गोष्ट आम्हा सगळ्यांच्या मनात इतकी बसली होती की कुणी दुसरी बाजू तपासलीच नाही. मी या वेळी बोललो, आणि बाजूनं बोललो. ४ लाख डॉलर अधिकृत दरानं बदलून १ कोटी २४ लाख पौंडांचा माल घेतला.

२३ फेब्रुवारीला इजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या रास अल-हिकमा भागाच्या विकासासाठी अमिरातीशी ३५ अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला आणि समांतर दर कोसळू लागला. ६ मार्चला मध्यवर्ती बँकेनं पौंड मोकळा सोडला, व्याजदर एका फटक्यात ६ टक्के बिंदूंनी वाढवून ठेवीचा दर २७.२५ वर नेला. अधिकृत डॉलर ३१ वरून ५० च्या आसपास. ज्या चार लाखांचे आम्ही १ कोटी २४ लाख केले होते त्यांचे आता जवळपास दोन कोटी आले असते. आणि व्यापारी समांतर दरानं भाव लावत होते तो दरच उतरल्यामुळे आमच्या साठ्याचा बाजारभाव वरून खाली आला. दोन्हीकडून मार.

२०२२ चा धडा ‘साठा ठेवा’ असा नव्हता. जो पैसा पडत्या चलनात अडकतो तो कमी ठेवा, असा होता. आमच्याकडचा पैसा तर डॉलरमध्ये होता, त्याला पळवायची गरजच नव्हती. ही चूक मला एप्रिल २०२२ पेक्षाही जास्त लागते, कारण तोवर आम्ही अनुभवी झालो होतो.

तरीही खात्यात १४ लाखांच्या आसपास डॉलर उरले होते, आणि पौंडातल्या खर्चासाठी त्यांची ताकद दीडपटीहून वाढली होती. संस्थापिकेनं पहिल्याच महिन्यात पगार २५ टक्क्यांनी वाढवले. शहरी महागाई सप्टेंबर २०२३ मध्ये ३८ टक्क्यांवर जाऊन आली होती, त्यामुळे ही वाढ देणं म्हणजे मागची भरपाईसुद्धा पूर्ण नव्हती.

निष्पत्ती

२०२४ च्या अखेरीस कंपनी रोजच्या खर्चापुरतं कमवायला लागली. महिन्याची विक्री ४.१ कोटी पौंड, म्हणजे सुमारे ८ लाख २० हजार डॉलर. सव्वातीन वर्षांत डॉलरमध्ये जेमतेम सात टक्के वाढ, तीही अर्ध्या माणसांत. प्रमुख फंडानं आपल्या वहीत गुंतवणुकीचं मूल्य मोठ्या प्रमाणात खाली आणलं. दहा वर्षांच्या मुदतीच्या फंडाला असली कंपनी अडचणीची असते: मरत नाही आणि दसपटही होत नाही. उस्तांसाठी आणि उरलेल्या ७८ कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ती चांगली कंपनी आहे. हे दोन्ही खरं आहे आणि बोर्डावर ते एकमेकांशी भांडत राहतं. सहसंस्थापक २०२५ च्या सुरुवातीला बाहेर पडला आणि त्यानं मोटरी भरण्याचा स्वतःचा कारखाना काढला. कंपनी त्याची सर्वांत मोठी गिऱ्हाईक आहे.

वेगळं काय करता आलं असतं

२०२१ मध्ये १५.७ च्या जागी तीन दर धरून, १६, २२ आणि ३०, आराखडा मांडला असता तर ९० लाखांपेक्षा कमी पैसे कमी मूल्यांकनावर घेण्याची चर्चा तरी झाली असती. ३.६ कोटींचं मूल्यांकन पुढे प्रत्येक बैठकीत दगडासारखं गळ्यात होतं. उधारी द्यायचीच होती तर ती पौंडात कर्ज घेऊन द्यायला हवी होती, भागभांडवलातून नाही. स्थानिक कर्ज महाग होतं, पण पडत्या चलनात घेतलेलं कर्जही सोबत पडतं. २०२२ मध्ये हे शक्य होतं, कारण तेव्हा वसुलीचा इतिहास उत्तम होता आणि बँका विचारत होत्या. २७ टक्क्यांच्या दरात तो विषय संपला.

बोर्डाच्या कागदांत आता पहिल्या पानावर एक ओळ असते: महिन्याच्या सुरुवातीला हातातल्या खेळत्या भांडवलात किती कॉम्प्रेसर येत होते आणि अखेरीस किती येतात. त्याखाली डॉलर किती, कुठल्या बँकेत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कमी केलेल्या ६२ जणांपैकी १९ जणांकडे कंपनीचे शेअर पर्याय, म्हणजे ठरलेल्या भावानं शेअर विकत घेण्याचे हक्क, होते. नोकरी गेल्यावर ते ९० दिवसांत विकत घ्यायचे, नाहीतर रद्द, हे अमेरिकी साच्यातलं कलम करारात तसंच उतरलं होतं. भाव २०२१ च्या मूल्यांकनाचा, तोही डॉलरमध्ये. कुणीच घेऊ शकलं नाही. नव्या करारांत ती मुदत पाच वर्षं केली आहे. जुन्या १९ जणांना पर्याय नव्यानं द्यावेत असा प्रस्ताव संस्थापिकेनं दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा तो पुढे ढकलला गेला. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो सहाव्या क्रमांकावर आहे. तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा असं पत्र मी या आठवड्यात पाठवलं आहे.